मोटारीचा ब्रेक नरम का पडतो?

२०२४ च्या डिसेंबर महिन्यात जुन्या गोव्यात संत फ्रान्सिस झेवियर यांच्या पवित्र अवशेषांचे दर्शन सुरू होते, आणि आमच्या धर्मग्रामातील मंडळी मिळेल त्या वाहनाने गोव्याकडे निघाली होती. आम्हीही एके दिवशी पहाटे बेळगावहून जांबोटी-कणकुंबीच्या मार्गाने चोर्ला घाट गाठला. गाडी धर्मग्रामाचीच, आठ आसनांची, पुढच्या चाकांना डिस्क व मागच्या चाकांना ड्रम असलेली, आणि वयाने आत बसलेल्या मुलांहून थोरली. गाडीत चालक, मी आणि सहा मुले होती.

उतरण लागल्यावर पहिली काही वळणे सुखरूप गेली. चालक गाडी चौथ्या गिअरमध्ये ठेवून प्रत्येक वळणाआधी ब्रेक दाबीत होता. मला ते खटकले. परंतु चालत्या गाडीत चालकाला उपदेश करू नये, असे मनाशी म्हणून मी गप्प बसलो. ते मौन चुकीचे होते. घाट निम्मा उतरून झाला असेल, तोच चालक मुलांना ऐकू जाऊ नये अशा बेताने म्हणाला, "फादर, पेडल खाली जातंय."

त्याने पुढे जे केले त्याबद्दल मी त्याचा ऋणी आहे. त्याने पेडल दोन-तीनदा भराभर दाबले, गिअर तिसऱ्यावर व मग दुसऱ्यावर आणला, हँडब्रेक एकदम न खेचता हळूहळू ओढला, आणि डोंगराच्या बाजूस जरा सपाट जागा आली तेथे गाडी उभी केली. इंजिन मात्र शेवटपर्यंत बंद केले नाही. चाकांना जळका वास येत होता. मुलांना वाटले, माकडे दाखवण्यासाठी गाडी थांबवली आहे.

पाऊण तासाने पेडल पुन्हा दाबून पाहिले, तर ते पूर्वीसारखे घट्ट लागले. उरलेला घाट आम्ही दुसऱ्या गिअरमध्ये उतरलो. दर्शन झाले, परत चढणीने घरी आलो, आणि ब्रेक आपोआप नीट झाला असे समजून तब्बल तीन आठवडे तसेच हिंडलो. वाचकहो, ब्रेक आपोआप नीट होत नसतो. तो आपल्याला एकदा सांगून गप्प बसतो, एवढेच. त्या गाडीची पुढची कथा सांगण्याजोगी आहे. परंतु ती नीट कळावी म्हणून आधी पेडलाखाली काय घडते ते पाहिले पाहिजे.

मोटारीच्या ब्रेकमध्ये आपल्या पायाचे बळ चाकापर्यंत नेणारी वस्तू म्हणजे एक द्रव होय. त्यास आपण ब्रेक ऑइल म्हणतो, जरी ते खऱ्या अर्थाने तेल नाही. बंद भांड्यातील द्रवावर एका ठिकाणी दाब दिला, तर तो दाब सर्व दिशांना सारखाच पोचतो, हा नियम ब्लेझ पास्काल या फ्रेंच विद्वानाने मांडला. त्याचा यावरील ग्रंथ त्याच्या निधनानंतर १६६३ साली प्रसिद्ध झाला. मोटारीत हा नियम कामास लागायला मात्र विसावे शतक उजाडावे लागले. अमेरिकेतील ड्यूसेनबर्ग कंपनीने १९२१ साली चारही चाकांना द्रवाचे ब्रेक असलेली मोटार विक्रीस आणली. त्यापूर्वी लोखंडी सळया व तारा यांवरच भिस्त होती; आपला हँडब्रेक अनेक गाड्यांत आजही तारेवरच चालतो, आणि म्हणूनच त्या दिवशी ऑइलाने दगा दिला तेव्हा त्याने साथ दिली.

आता थोडा हिशेब करू. पायाने वीस किलोचा जोर दिला, तर पेडलाच्या तरफेमुळे तो चौपट, म्हणजे ऐंशी किलो होतो. हा जोर मास्टर सिलिंडरच्या पिस्टनवर पडतो. त्या पिस्टनचे तोंड तीन चौरस सेंटिमीटरचे धरले, तर ऑइलात दर चौरस सेंटिमीटरला सुमारे सत्तावीस किलोचा दाब उत्पन्न होतो. तोच दाब नळीतून चाकापाशी जातो; तेथील कॅलिपरच्या पिस्टनचे तोंड वीस चौरस सेंटिमीटरचे असेल, तर पॅड डिस्कवर पाचशे किलोंहून अधिक जोराने दाबला जातो. बूस्टरची मदत याहून निराळी. हे सारे यासाठी शक्य होते, की द्रव दबून लहान होत नाही. हवा मात्र होते.

समजा, नळीत कोठे तरी एक चहाचा चमचाभर, म्हणजे पाच मिलिलिटर हवा शिरली आहे. वर सांगितलेल्या दाबाखाली ती चिरडून जवळजवळ नाहीशी होईल, आणि तिची रिकामी झालेली जागा भरण्यासाठी मास्टर सिलिंडरच्या पिस्टनला दीड सेंटिमीटरहून अधिक जादा सरकावे लागेल. पेडलापाशी त्याचे चौपट केले, तर पाय सहा-साडेसहा सेंटिमीटर उगाच खाली जाईल. चार बोटे आडवी धरली तर जवळपास तेवढेच अंतर भरते. चमचाभर हवेची ही करामत! म्हणून नरम पेडलास कोणी क्षुल्लक म्हणू नये.

तथापि, पेडल खाली गेले म्हणजे हवाच शिरली असेही नव्हे, आणि येथेच बहुतेकांचा पैसा वाया जातो. पाय लक्ष देऊन ठेवला, तर तो बरेच काही सांगतो. गाडी सपाट जागी उभी करावी, चाकांना दगड लावावेत, आणि मग शांतपणे पेडल दाबावे.

पेडल दाबताना खाली रबराचा चेंडू असल्यासारखे वाटले, म्हणजे जितके दाबावे तितके दबते आणि सोडताच उसळून वर येते, तर ती हवेची खूण होय. क्वचित जुना होज पाइप दाबाखाली फुगत असेल तरीही असेच वाटते. एकाने पेडल दाबून धरावे व दुसऱ्याने चाकाजवळच्या रबरी नळीवर बोटे ठेवून पाहावे. फुगणारी नळी हातास कळते. भेगा पडलेली नळी तर डोळ्यांनाच दिसते.

पहिल्या दाबात पेडल खोल जाते, पण लगेच पुन्हा दाबले तर वर आणि घट्ट लागते, असे असेल तर आधी मागच्या ड्रमकडे पाहावे. ड्रममधील लायनर झिजून ड्रमपासून दूर गेले, की पहिल्या दाबातील सारे ऑइल त्यांना जवळ नेण्यातच खर्ची पडते. याची एक सोपी परीक्षा आहे. हँडब्रेक पुरा ओढावा आणि मग पेडल दाबावे. पेडल आता ठळकपणे वर लागले, तर दोष लायनरच्या अंतरात आहे; ते अंतर जुळवून घेतले की काम होते, नवा भाग विकत घ्यावा लागत नाही. आपल्याकडील खड्ड्यांच्या रस्त्यांवर याच लक्षणाचे दुसरेही कारण आढळते. चाकाचे बेअरिंग ढिले झाले, की डिस्क डुगडुगते आणि पॅडला मागे ढकलते; मग वळणानंतरचा पहिला ब्रेक खोल जातो. चाक उचलून दोन्ही हातांनी वर-खाली हलवून पाहिले, की हे समजते.

पेडल प्रथम घट्ट लागते, पण पाय तसाच स्थिर ठेवला तर ते लोण्यातून सुरी जावी तसे सावकाश खाली खाली जाते, हे लक्षण सर्वांत वाईट. कोठून तरी ऑइल गळते आहे, किंवा मास्टर सिलिंडरच्या आतील रबरी वॉशर झिजून ऑइल त्याच्या कडेने मागे निसटते आहे. बाहेरची गळती शोधणे कठीण नाही: चारही चाकांची आतली बाजू, नळ्यांचे सांधे, मागच्या ड्रमची खालची कड आणि पेडलाच्या वरची भिंत पाहावी. कोठेही ओल नाही, डबीतील ऑइलही कमी होत नाही, आणि तरी पेडल बुडते, तेव्हाच मास्टर सिलिंडरवर आरोप ठेवावा. अशी गाडी रस्त्यावर नेऊ नये. मिस्त्रीलाच घरी बोलवावे.

आणि चौथे लक्षण आमच्या घाटातले. थंड असताना पेडल चांगले, लांब उतरणीनंतर नरम, पुन्हा थंड झाल्यावर चांगले. याचा अर्थ ऑइल उकळले. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषून घेते. पावसाळी प्रदेशात तर विशेषच. डॉट ३ जातीचे ताजे ऑइल २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, परंतु त्यात शेकडा पावणेचार भाग पाणी मुरले, की तेच १४० अंशांवर उकळू शकते. डॉट ४ च्या बाबतीत हे आकडे २३० व १५५ असे आहेत. उकळले की वाफ होते, आणि वाफ म्हणजे पुन्हा तीच दबणारी वस्तू. थंड झाल्यावर वाफेचे पाणी होते, पेडल घट्ट लागते, आणि आमच्यासारखी भोळी माणसे देवाचे आभार मानून पुढे निघतात. आभार मानावेत, पण ऑइलही बदलावे.

घाटात ही उष्णता येते तरी कोठून, असे कोणी विचारील. दीड टनाची गाडी सहाशे मीटर खाली उतरते, तेव्हा तिच्या वजनाची जी शक्ती सुटते, ती सारी उष्णतेत बदलली, तर सुमारे अठ्ठावीस लिटर पाणी विहिरीतून काढल्यापासून उकळीपर्यंत तापेल. दोन मोठ्या घागरी! इंजिन खालच्या गिअरमध्ये असले तर यातील मोठा वाटा ते स्वतः उचलते. गिअर वर असला, किंवा पेट्रोल वाचवावे म्हणून कोणी न्यूट्रलमध्ये गाडी सोडली, तर या दोन्ही घागरी ब्रेकलाच उकळाव्या लागतात. ज्या गिअरने घाट चढलो असतो त्याच गिअरने उतरावे, ही जुन्या चालकांची रीत याच कारणाने योग्य आहे. इंजिन बंद करून उतरणे तर निव्वळ वेडेपणा. त्याने बूस्टरचे बळ एक-दोन दाबांत संपते आणि अनेक गाड्यांचे स्टिअरिंगही जड होते.

बूस्टरचा विषय निघाला म्हणून एक गैरसमज दूर करतो. इंजिन बंद असताना पेडल चार-पाच वेळा दाबावे, म्हणजे ते कडक होईल. मग पाय तसाच ठेवून इंजिन सुरू करावे. पेडल किंचित खाली जाते. हा दोष नव्हे; बूस्टर नीट काम करीत असल्याची ती साक्ष आहे. आमच्या गावातील एक गृहस्थ याच "दोषापायी" दोनदा गॅरेजला जाऊन आले. उलट, बूस्टर बिघडला तर पेडल नरम नव्हे, दगडासारखे कठीण होते. तो रोग वेगळा.

आता आमच्या गाडीची कथा. तीन आठवड्यांनी सुबुद्धी सुचली आणि गाडी एका गॅरेजमध्ये नेली. त्यांनी ऑइल बदलले हे योग्यच केले. त्याबरोबर पुढचे दोन्ही कॅलिपर उतरवून त्यांत नवे रबरी वॉशर घातले, तेही जुन्या गाडीस गरजेचेच होते. परंतु गाडी परत आली ती थंड असतानाही नरम पेडल घेऊन. आम्ही पुन्हा गेलो. हवा काढली. तिसऱ्यांदा गेलो. पुन्हा हवा काढली. ऑइलाच्या दोन बाटल्या रिकाम्या झाल्या. मग निदान झाले की मास्टर सिलिंडर गेला. नवा बसवला. पावती पाहून आमचे खजिनदार काही वेळ बोलले नाहीत. वर्षभराच्या मेणबत्त्या तेवढ्यात आल्या असत्या. आणि पेडल? जसेच्या तसे, चेंडूसारखे.

शेवटी खानापूरकडचे एक वृद्ध मिस्त्री, जे सरकारी बस डेपोत आयुष्य घालवून निवृत्त झाले आहेत, त्यांना विनंती केली. मिस्त्रीमामा आले, पेडल एकदा दाबले, आणि म्हणाले, "ह्यो मास्टरचा रोग न्हवं फादर. मास्टर गेला की पेडल बुडतंय. हे तर उसळतंय." म्हणजे जी गोष्ट मी वर चार परिच्छेदांत लिहिली, ती त्यांच्या तळपायाने एका क्षणात सांगितली.

मग त्यांनी पिशवीतून गोल, गुळगुळीत जबड्यांचे तीन चिमटे काढले आणि पुढच्या दोन व मागची एक, अशा तिन्ही रबरी नळ्या हलकेच चिमटून बंद केल्या. नळ्यांना इजा होऊ नये म्हणून साध्या पकडीने हे करू नये, असे त्यांनी बजावले. पेडल दाबायला सांगितले. ते दगडासारखे घट्ट होते. याचा अर्थ चिमट्यांच्या अलीकडचे सारे, मास्टर सिलिंडरसह, निर्दोष. मग मागचा चिमटा काढला. पेडल तसूभर खाली गेले, पण घट्टच राहिले. उजव्या पुढच्या चाकाचा चिमटा काढताच ते नरम झाले, आणि डाव्या चाकाचा काढल्यावर आणखी नरम. दोष दोन्ही कॅलिपरमध्ये होता, आणि तो सिद्ध करायला पाच मिनिटेही लागली नाहीत. एक रुपयाचा भागही विकत घ्यावा लागला नाही.

चाक काढले. मिस्त्रीमामा वाकून पाहत राहिले आणि मला जवळ बोलावून म्हणाले, "बघा की फादर, वारा वर जातंय का खाली?"

मी म्हटले, "वर."

"मग दार खाली ठेवून कसा बाहेर येणार त्यो?"

तेव्हा मला दिसले. कॅलिपरवर हवा काढण्याचा जो लहानसा निपल असतो, तो वरच्या टोकास असावा लागतो, कारण हवा द्रवात वर चढून तेथेच गोळा होते. आमच्या गाडीत निपल खालच्या टोकास होते. डाव्या बाजूचा कॅलिपर उजवीकडे आणि उजवीकडचा डावीकडे बसवला गेला होता! बोल्ट जुळत होते, नळी पोचत होती, पॅडही नीट बसत होते. म्हणून कोणाला शंका आली नाही. प्रत्येक वेळी खालून स्वच्छ ऑइल बाहेर येई, एकही बुडबुडा दिसत नसे, आणि वरच्या पोकळीत हवा निवांत बसून राही. दहा बाटल्या ओतल्या असत्या तरी ती हलली नसती.

मी त्या गॅरेजवर रागावलो नाही असे म्हणणे खोटे ठरेल. परंतु कॅलिपर अदलाबदल होणे ही घाईतील चूक होती, आणि घाई कोणाकडून होत नाही? मला अधिक खटकली ती दुसरी गोष्ट: उसळणाऱ्या पेडलावर बुडणाऱ्या पेडलाचे औषध दिले गेले, आणि मीही काही न विचारता पैसे मोजले. आपल्या गावांतील कुटुंबे पै-पै साठवून जुनी गाडी घेतात. "हा भाग बदलूया, बघू काय होते" या वाक्याची किंमत त्यांना फार पडते. कोणताही भाग बदलण्यापूर्वी "तुम्ही हे कशावरून म्हणता?" एवढे विचारण्याचा हक्क प्रत्येक गिऱ्हाइकाला आहे, आणि चांगला मिस्त्री त्याचे उत्तर आनंदाने देतो.

कॅलिपर आपापल्या बाजूला गेले, नळीच्या सांध्यातील तांब्याचे वॉशर नवे घातले, आणि हवा काढण्याचे काम सुरू झाले. हे काम दोघांचे आहे, आणि घरच्या घरी बापलेकांनी करण्याजोगे आहे. म्हणून ते नीट सांगतो. एक मात्र आधीच सांगतो, की एप्रिल २०१९ पासून भारतातील सर्व नव्या मोटारींना एबीएस सक्तीचे झाले आहे; अशा गाडीत त्या यंत्राच्या आत हवा शिरली, तर ती काढण्यास अनेकदा गॅरेजमधील संगणक लागतो. साध्या जुन्या गाडीस हात आणि धीर पुरतो.

गाडी पक्क्या आधारावर ठेवावी. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कोणीही शिरू नये. ब्रेकची धूळ तोंडाने फुंकू नये, ओल्या फडक्याने पुसावी, कारण जुन्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असे आणि ते फुप्फुसांस घातक आहे. ऑइलची डबी काठोकाठच्या खुणेपर्यंत भरावी. सामान्यतः मास्टर सिलिंडरपासून सर्वांत दूरच्या चाकापासून आरंभ करतात: आपल्या उजव्या स्टिअरिंगच्या गाडीत मागचे डावे, मग मागचे उजवे, मग पुढचे डावे, शेवटी पुढचे उजवे. काही गाड्यांत क्रम निराळा असतो, तेव्हा गाडीच्या पुस्तिकेचा शब्द अखेरचा समजावा.

निपलवर एक पारदर्शक नळी चढवावी व तिचे दुसरे टोक बाटलीतील थोड्या ऑइलात बुडवून ठेवावे. मग एकाने पेडलावर बसावे, दुसऱ्याने चाकापाशी. चाकापाशी असलेला म्हणतो, "दाब." पेडलावरचा सावकाश दाबतो आणि म्हणतो, "दाबले." निपल अर्धा फेरा उघडतो, ऑइल व बुडबुडे नळीतून जातात, पेडल खाली येते. पेडल खालीच धरलेले असताना निपल बंद होतो, आणि तेव्हाच चाकापासचा म्हणतो, "सोड." हा क्रम चुकला, निपल उघडा असता पाय उचलला, तर जेवढी हवा काढली तेवढीच पुन्हा आत ओढली जाते. पेडल भराभर हाणू नये. त्याने हवेचा फेस होतो आणि फेस निघता निघत नाही. बुडबुडे संपेपर्यंत हे करावे, आणि दर सात-आठ दाबांनंतर डबीत डोकवावे. डबी रिकामी झाली, की वरूनच हवा शिरते आणि सारे मुळापासून करावे लागते. मी हे लिहितो, कारण त्या दिवशी डबीकडे पाहण्याचे काम मिस्त्रीमामांनी माझ्यावर सोपवले होते, आणि त्यांच्या कथा ऐकण्याच्या नादात माझ्या हातून ते एकदा चुकले.

जुना मास्टर सिलिंडर असेल, तर पेडलाखाली लाकडाचा एक ठोकळा ठेवावा. रोजच्या वापरात पिस्टन जितका जातो त्यापलीकडे सिलिंडरच्या भिंतीला गंज चढलेला असतो. पेडल थेट तळापर्यंत दाबले, तर वॉशर त्या खरखरीत भागावर घासून फाटतात, आणि हवा काढायला गेलेला माणूस मास्टर सिलिंडर घालवून बसतो.

ऑइलविषयी काही सूचना. डबीच्या झाकणावर जी जात लिहिली असेल तीच घालावी. इंजिन ऑइल, गिअर ऑइल, किंवा "तेल ते तेल" म्हणून हाताशी असलेले कोणतेही तेल ब्रेकमध्ये घालू नये; त्याने आतील सर्व रबर फुगते आणि मास्टरपासून चाकापर्यंत प्रत्येक वॉशर बदलावा लागतो. अर्धी उरलेली, फोडलेली बाटली पुढच्या वर्षासाठी कपाटात ठेवू नये, ती ओलावा पीत बसते. दर दोन वर्षांनी ऑइल बदलणे ही सामान्य रीत आहे, आणि कोकण-गोव्याकडे वरचेवर जाणाऱ्यांनी तरी ती मोडू नये. गाडीच्या रंगावर थेंब पडला तर ताबडतोब पाण्याने धुवावा, नाहीतर रंग निघतो. डबीतील पातळी थोडी थोडी उतरत असेल, तर ते पॅड झिजत आल्याचे चिन्ह असते. एकदम उतरली तर गळती. नुसते वरून भरून ठेवणाऱ्याला यांपैकी काहीच कळत नाही.

काम संपल्यावर पेडल दाबले, तेव्हा ते वरच, विटेवर पाय ठेवल्यासारखे थांबले. मिस्त्रीमामांनी इंजिन सुरू करून मिनिटभर पाय दाबून धरायला लावला. पेडल हलले नाही. प्रत्येक निपल व सांधा कोरड्या कागदाने पुसून पाहिला. मग शाळेच्या मैदानावर माणसाच्या चालीने, नंतर थोड्या वेगाने, अशी गाडी थांबवून पाहिली, आणि त्यानंतरच रस्त्यावर नेली.

मिस्त्रीमामांनी पैसे घेतले ते एका दिवसाच्या मजुरीएवढे. जुना मास्टर सिलिंडर त्यांनी उघडून पाहिला. आत काही दोष नव्हता. तो त्यांनी पुसून, कागदात गुंडाळून माझ्या हाती दिला आणि म्हणाले, "ठेवा फादर, चांगला हाय." तो आता माझ्या टेबलावर कागदांवर वजन म्हणून असतो, आणि हा लेख लिहितानाही त्याने पाने उडू दिली नाहीत. दोनच आठवड्यांनी आम्ही पुन्हा चोर्ला घाट उतरलो, या वेळी सबंध उतार दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये. आणि खाली केरीला पोचल्यावर चालकाने मी न सांगताच गाडी बाजूला घेऊन चारही चाकांजवळ हात नेऊन पाहिला.